राणी कुठे आहे, हा प्रश्नच नव्हता

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ब्रिजच्या डावात तुझे तीन नोट्रम्प (हुकूम न ठेवता तेरापैकी नऊ हात जिंकायची बोली; एका फेरीतली चार पानं जिंकली की एक हात) एका हाताने बुडाले आणि तू खाली लिहिलंस, 'फिनेस पन्नास टक्क्यांचा होता, नशीब आड आलं.' (फिनेस म्हणजे विरोधकांचं मोठं पान अमुक बाजूला आहे असं धरून त्याहून लहान पानाने हात काढायचा प्रयत्न.) त्या एका वाक्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. त्या डावात नशिबाला कुठे जागाच नव्हती.

पानं पुन्हा टेबलावर मांड. डमीत, म्हणजे भिडूच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत, इस्पिक राणी ७ ५, बदाम ७ ४, चौकट एक्का गुलाम १० ६, किलवर एक्का ८ ६ २. तुझ्या हातात इस्पिक एक्का राजा ४, बदाम एक्का ८ ३, चौकट राजा ९ ५ २, किलवर राजा ७ ३. तू एक नोट्रम्प बोललास, भिडूने तीन केले, बोली अगदी बरोबर. पश्चिमेने, म्हणजे तुझ्या डावीकडच्या विरोधकाने, बदामची पंजी उतरवली. उजवीकडच्या पूर्वेने राणी घातली, तू तिर्री दिलीस. पूर्वेकडून दश्शी आली, तू अठ्ठी दिलीस, पश्चिमेने दुर्री. तिसऱ्या बदामला एक्का घेतलास. इथवर तुझा खेळ मला मनापासून आवडला. दोन हात सोडायला धीर लागतो.

मग तू डमीत गेलास, चौकटचा गुलाम चालवलास, पश्चिमेने राणीने मारला आणि उरलेले दोन बदाम वाजवून घेतले. पाच हात गेले.

आता पंजीपाशी परत ये. लांब रंगातलं वरून चौथं पान उतरवलं असेल तर अकरातून त्या पानाचा आकडा वजा करायचा. उरतात तितकी त्याहून मोठी पानं बाकीच्या तिघांकडे मिळून असतात. अकरातून पाच गेले, सहा. डमीत सत्ती, तुझ्याकडे एक्का आणि अठ्ठी. राहिली तीन, ती पूर्वेकडे. पंजीहून लहान पानांत चौकी डमीत आणि तिर्री तुझ्याकडे, म्हणजे बाहेर फक्त दुर्री. ती पूर्वेकडे असती तर बदाम ४-४ पडले असते आणि काळजीच नव्हती. दुसऱ्या हाताला पश्चिमेने ती तुझ्या डोळ्यांसमोर टाकली. त्या क्षणी तुला पक्कं कळायला हवं होतं: पश्चिमेकडे पाच बदाम, पूर्वेकडे तीनच, आणि तिसऱ्या हातानंतर पूर्वेकडे एकही नाही. एवढं बोलकं पान दहा डावांत एकदा तरी पडतं आणि आपण ते बघतही नाही, कारण आपलं लक्ष चित्रांच्या पानांवर असतं.

पक्के हात मोज. इस्पिक तीन, बदाम एक, चौकट दोन, किलवर दोन: आठ. नववा चौकटमधूनच यायचा. पण राणी गमावलीस तरी चौकटचे तीन हात तुझेच आहेत! एक्का, राजा, गुलाम, दश्शी, नव्वी सगळी तुमच्याकडे. म्हणजे राणी कुठे आहे याने तुला काहीच फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो हात कुणाकडे जातो याने. हातातून दुर्री चालव, पश्चिमेने लहान पान दिलं की डमीतून दश्शी. राणी पश्चिमेकडे असेल तर फिनेस लागला. पूर्वेकडे असेल तर घेऊ दे तिला. तिच्याकडे बदाम नाही, आणि बाकी काहीही खेळली तरी तुझे नऊ हात तयार आहेत.

एक्का-राजा वाजवून राणी पडायची वाट पाहिली असती तर ती सुमारे ३३ टक्के वेळा पडते. कुठल्याही बाजूचा फिनेस पन्नास टक्के. तू या दोन आकड्यांची तुलना करत बसलास, आणि शंभर टक्क्यांची वाट शेजारीच होती. टक्केवारी पाठ असावीच: बाहेर पाच पानं असतील तर ३-२ विभागणी ६८ टक्के, ४-१ २८, ५-० ४. पण ती कामाला येते ती प्रश्न ठरल्यावर.

बोलीतही हीच चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. हातात सात बदाम आणि फार थोडे पॉइंट (मोठ्या पानांचे गुण), म्हणून मी तीन बदाम (बदाम हुकूम, नऊ हात) बोलून सुरुवात केली. डावीकडून तीन इस्पिक, भिडू पास, उजवीकडून चार इस्पिक. माझ्याकडे इस्पिकचं एकच पान. मला राहवलं नाही, मी पाच बदाम बोललो. डबल झाली (म्हणजे बोली बुडाली तर दंड वाढतो), आम्ही व्हल्नरेबल होतो (त्यात दंड आणखी जास्त), तीन हात कमी पडले: ८०० गुणांचा दंड. भिडूकडे इस्पिकची चार भक्कम पानं होती आणि चार इस्पिकला डबल द्यायला तो तयार बसला होता. तीन बदाम बोललो तेव्हाच माझी तेरा पानं मी त्याला सांगून टाकली होती. त्याच्या पानांतलं मला काहीच ठाऊक नव्हतं. निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यातच ठरलं होतं. 'माझी पानं किती चांगली आहेत' हे मी स्वतःला विचारत होतो. 'आमच्यापैकी जास्त कुणाला माहीत आहे' हे विचारायला हवं होतं. भिडू डाव संपल्यावर एक शब्दही बोलला नाही. त्याचे ते उपकार मी विसरलेलो नाही, आणि तुझ्या भिडूशी तूही तसंच वागावंस असं मला फार वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. डमी उघडली की पहिलं पान खेळायच्या आधी थांब, डमीत त्या रंगाचं एकच पान असलं तरी थांब. डाव खेळणाऱ्याच्या थांबण्यातून भिडूला काही कळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण भिडूची पानं टेबलावर उघडी असतात. बोली करताना आणि बचावात मात्र सांभाळ. तिथे भिडूच्या रेंगाळण्यातून जे कळतं ते वापरायला नियमांची मनाई आहे, आणि ती मनापासून पाळावी.

यापुढे कोडी सोडवताना मला नुसतं पान कळवू नकोस. कोडं छापलेलं असतं तेव्हा 'इथे काहीतरी आहे' हे आयतंच कळतं. टेबलावर कुणी सांगत नाही. म्हणून त्या पानाने कुठल्या विभागणीत हरशील तेही लिहीत जा.

आता हाच डाव थोडा बदलून घे. हातातली बदामची अठ्ठी पश्चिमेला दे आणि तिच्याकडचा गुलाम तू घे. एक्का गुलाम ३. उतारी तीच पंजी, पूर्वेची राणी तीच. राणीवर एक्का लगेच घेतलास, तर आता कुणाला हातात येऊ द्यायचं नाही, आणि मग चौकट कुठल्या बाजूने खेळशील? पुढच्या पत्रात लिही, सावकाश.

तुझा,
जुना भिडू