शॅडोरन या रोल-प्लेइंग खेळात जादूगार पात्राला सायबरवेअर (शरीरात बसवलेली यंत्रं) द्यावं की बायोवेअर (शरीरातले जैविक बदल)?

पैसे असतील तर डोळे झाकून बायोवेअर. पाचव्या आवृत्तीत (२०१३) माणसाचा इसेन्स, म्हणजे शरीर किती अस्सल उरलंय याचा आकडा, ६ असतो. शरीरात काही बसवलं की तो घटतो, शून्यावर आला की खेळ खल्लास. वायर्ड रिफ्लेक्सेस या वेग वाढवणाऱ्या सायबरवेअरची पहिली पातळी २ इसेन्स खाते, किंमत ३९ हजार न्युयेन (खेळातलं चलन). तेवढाच वेग देणारा सिनॅप्टिक बूस्टर हे बायोवेअर; तो मज्जारज्जूतल्या चेतापेशीच वाढवतो, म्हणून फक्त ०.५. पण मोजा ९५ हजार!

मेख पुढे आहे. अर्धा इसेन्स गेला तरी मॅजिकचा, म्हणजे जादूच्या ताकदीचा, अख्खा एक गुण जातो. (आमच्या जादूगाराला हे ऑपरेशन झाल्यावर कळलं.) तेव्हा त्याच एका इसेन्समधल्या उरलेल्या अर्ध्यातही काहीतरी बसवून घ्या, मॅजिक आणखी घटत नाही.