2019 चं पाणी आणि यंदाचं पाणी

*ताई, मी सांगलवाडीची, वय 43. 2019 च्या महापुरात आमच्या जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या बुडाल्या. मीच म्हणत होते, थांबू अजून, 2005 ला एवढं नव्हतं आलं. शेवटी रात्री बोट आली. चढवताना सासूबाईंचा हात माझ्या हातातनं सुटला. वाचल्या, पण खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठीवरच. त्या मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. जुलै लागला की मोबाइलवर ‘आयर्विन पुलाजवळ पाणी 36 फूट’ असे मेसेज येतात आणि छाती धडधडायला लागते. रात्री तीनतीनदा उठून दारात जाते. भिंतीला ओल आल्याचा वास आला तरी हात गार पडतात. मिरजेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ईएमडीआर घ्या, डोळे हलवत वाईट आठवणीचा त्रास कमी करायचा मानसोपचार असतो तो. मिस्टर म्हणतात, डोळ्यांसमोर बोट हलवून पूर जातोय व्हय? जाऊबाई म्हणतात, ते संमोहन असतं, मनातलं सगळं काढून घेतात. मी ती रात्र विसरून जाईन का? सगळं परत सांगावं लागेल का? किती वेळा जावं लागेल?*

ताई, मिस्टरांचं म्हणणं खरं आहे, बोट हलवून पूर जात नाही. जायलाही नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 धोक्याची. कृष्णाकाठी राहणाऱ्या माणसाला त्या आकड्यांची भीती वाटलीच पाहिजे. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. तुमचा त्रास असा आहे की मेसेज 36 चा येतो आणि शरीर 57 चं घाबरतं. उपचार करायचा तो या मधल्या एकवीस फुटांवर.

नेहमीच्या आठवणी काळानुसार जुन्या होत जातात. जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आठवण कधीकधी तशी जुनी होत नाही. चित्र, वास, अंगाचा थरकाप आणि ‘चूक माझी’ हे वाक्य सगळं एकत्र गोठून राहतं. ओलीचा वास आला की अख्खा गठ्ठा उघडतो आणि मनाला ते आत्ताच घडतंय असं वाटतं. 1987 साली कॅलिफोर्नियात फ्रान्सिन शपिरो या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं की त्रासदायक आठवण मनात धरून डोळे एका बाजूकडून दुसरीकडे हलवले, तर तिचा चटका कमी होतो. त्यावरून त्यांनी ही ईएमडीआर पद्धत बांधली. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी तिची शिफारस केली. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. बऱ्यापैकी पटणारं स्पष्टीकरण असं की, मनाची एका वेळी काम करायची जागा मर्यादित असते. आठवण धरायची आणि बोटाचा पाठलागही करायचा, म्हटल्यावर आठवणीला पुरती जागा मिळत नाही. ती फिकट होते आणि फिकट अवस्थेतच परत ठेवली जाते.

जाऊबाईंना सांगा, हे संमोहन नव्हे. तुम्ही पूर्ण जाग्या असता, डोळे बहुतेक वेळ उघडे, आणि हात वर केला की काम तिथल्या तिथे थांबतं. हात वर करायची ही खूण आधीच ठरवून घेतात. ठरवली नाही तर तुम्हीच विचारा. सगळं तपशिलात सांगावंही लागत नाही. ‘बोटीचा क्षण’ एवढं नाव दिलं तरी भागतं. आणि विसरणार तर काहीच नाही. हात सुटला हे लक्षात राहील, फक्त ते आठवताना हात गार पडणार नाहीत. एक अपवाद मात्र आहे. त्या प्रसंगाबद्दल कोर्टात किंवा नुकसानभरपाईसाठी जबाब द्यायचा बाकी असेल, तर सुरू करण्याआधी तज्ज्ञांना आणि वकिलांना सांगा, कारण आठवणीतले बारकावे धूसर होऊ शकतात.

पहिल्या एक-दोन, क्वचित तीन बैठकांत बोट हलवणं नसतंच. त्यात पूर्वीचा इतिहास, झोप, औषधं, फिट येण्याचा त्रास, डोळ्यांचे आजार, दारू-गोळ्यांच्या सवयी, जीव द्यावासा वाटतो का, मध्येच आपण आपल्यात नाही असं वाटून वेळ हरवते का, हे सगळं विचारतात. वेळ हरवत असेल तर तयारी बरीच लांबते, आणि ती लांबलेलीच बरी. मग शांत जागेचा सराव होतो. जिथे मन निवांत होतं अशी जागा डोळ्यांसमोर आणायची आणि तिला एक शब्द जोडायचा. सांगलीकर इथे हमखास चुकतात. कुणी हरिपूरचा संगम निवडतो, कुणी विष्णू घाट. पुराची आठवण सोडवायची असेल तर नदी दिसणारी जागा नको. दंडोबाचा डोंगर घ्या, माहेरचं अंगण घ्या. दुसरा सराव म्हणजे मनातल्या मनात एक जाड झाकणाची पेटी करायची आणि जे आज उरकलं नाही ते पुढच्या बैठकीपर्यंत तिच्यात ठेवायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण बैठक अर्धवट राहिली की घरी तारून नेतं ते हेच. ही तयारी न करता पहिल्याच दिवशी बोट हलवायला लागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

त्यानंतर आठवण मोजतात. सगळ्यात वाईट चित्र कोणतं? त्या चित्राबरोबर स्वतःबद्दल कोणतं वाक्य येतं? पत्रावरून तुमचं वाक्य ‘माझ्यामुळे झालं’ असं दिसतं. त्याऐवजी काय म्हणता यावंसं वाटतं? समजा, ‘त्या वेळी मला जमलं तेवढं मी केलं’. हे आज मनातून कितपत खरं वाटतं, 1 ते 7 मध्ये सांगायचं. त्रास किती, तो 0 ते 10 मध्ये. आणि अंगात कुठे जाणवतो, छातीत, घशात, तळहातात? आकडा चुकेल म्हणून घाबरू नका, अंदाजाने सांगितलेला चालतो.

मग खरं काम. तुम्ही चित्र, ते वाक्य आणि अंगातली जाणीव एकत्र धरता. तज्ज्ञ समोर थोडं बाजूला बसून दोन बोटं डावी-उजवी हलवतात, साधारण 24 फेऱ्या, म्हणजे वीस-तीस सेकंद. डोकं स्थिर ठेवून नुसत्या डोळ्यांनी बोटांमागे जायचं. थांबल्यावर श्वास सोडायचा. ‘आता काय येतंय?’ असं विचारतात, त्याला एका वाक्यात उत्तर आणि पुन्हा फेऱ्या. डोळे दुखत असतील तर गुडघ्यावर किंवा हाताच्या पाठीवर आळीपाळीने हलक्या थापा देतात, किंवा कानात आळीपाळीने टिकटिक ऐकवतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून ठेवा.

काय येईल ते सांगता येत नाही. चित्र लांब जातं, किंवा आधी आणखी ठळक होतं. मध्येच लहानपणचं शाळेतलं काही आठवतं. रडू येतं, जांभया येतात. कधी काहीच येत नाही. तेव्हा ‘काहीच नाही’ एवढंच सांगायचं. पुष्कळ जणी तज्ज्ञांना बरं वाटावं म्हणून काहीतरी चांगलं सांगतात, आणि गाडी तिथेच अडते. 

तुमच्या बाबतीत अडण्याची जागा बहुधा अपराधाची असेल. ‘मीच थांबू म्हणाले’ हे वाक्य पाच-सहा वेळा तसंच्या तसं फिरून आलं, की चांगला तज्ज्ञ समजूत घालत बसत नाही. एखादाच प्रश्न विचारतो: ‘2005 ला पाणी कुठवर आलं होतं, त्यावरून तुम्ही अंदाज केला. त्या रात्री तुमच्याकडे याहून वेगळी माहिती होती का?’ उत्तर मागत नाहीत, लगेच पुढच्या फेऱ्या सुरू. ‘तुमचा काही दोष नाही हो’ असं तुम्हाला एवढ्या वर्षांत शंभर जणांनी सांगितलं असेल. ते आत गेलं नाही, कारण ते बाहेरून आलेलं होतं.

त्रास 0 किंवा 1 वर आला की नवं वाक्य त्या चित्राशी जोडून पुन्हा फेऱ्या करतात. ते 6-7 इतकं खरं वाटायला लागलं की डोक्यापासून पायापर्यंत मनानेच अंग चाचपायला सांगतात, कुठे आवळल्यासारखं उरलंय का म्हणून. उरलं असेल तर काम बाकी आहे. शेवटची दहा मिनिटं शांत जागेवर परत यायला राखून ठेवलेली असतात. ‘वेळ संपली, पुढच्या बुधवारी या’ म्हणून रडत्या माणसाला उठवणं ही उपचारातली चूक आहे, आणि ती होते.

एक बैठक 60 ते 90 मिनिटांची, शक्यतो आठवड्याला एक. मोठेपणी घडलेल्या एकाच प्रसंगासाठी सहा ते बारा बैठका धरून चला, काहींना कमीही लागतात. तुमच्या प्रसंगाचे तुकडे तीन आहेत असं वाटतं: बोट, दवाखाना आणि चिखल भरलेल्या घरात परत जाणं. लहानपणचं जुनं काही त्याला चिकटलेलं निघालं तर वेळ वाढेल. महिन्यातून एकदा जाऊन मात्र काही साधत नाही, दर वेळी पहिल्यापासून तयारी करावी लागते.

बैठकीनंतर दोन-तीन दिवस स्वप्नं पडणं, चिडचिड होणं, विसरलेला तुकडा वर येणं हे नेहमीचं आहे. घाबरून उपचार सोडतात ते बहुधा याच दिवसांत. काय आलं ते वहीत एका ओळीत लिहून ठेवा, त्याचा अर्थ लावत बसू नका. घरी कुणी विचारलं तर ‘चाललंय’ म्हणा, तपशील नको. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. झोपेची किंवा घबराटीची गोळी घेत असाल तर तिची वेळ मॅडमना सांगा, कारण काही गोळ्यांनी मन इतकं बोथट होतं की फेऱ्यांचा परिणाम होत नाही. यूट्यूबवर डावी-उजवीकडे पळणारा ठिपका बघून घरी प्रयोग करू नका. आठवण उघडता येते, बंद करून द्यायला तिथे कुणी नसतं.

आठवणीनंतर आजचे चटके घेतात, म्हणजे मेसेजचा आवाज, ओलीचा वास. आणि शेवटी पुढचं. हा भाग काही ठिकाणी घाईत उरकतात, तुम्ही उरकू देऊ नका. यात डोळ्यांसमोर आणायचं की कोयनेतून विसर्ग वाढवलाय, पाणी 40 वर आहे, आणि तुम्ही काय करताय. त्यासाठी ठरलेलं काहीतरी हवं. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटांना शिरतं हे तुम्हाला पाठ असेलच. त्याच्या चार-पाच फूट आधीच सासूबाई पाहुण्यांकडे, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे घरात बसून आत्ताच ठरवा. ते ठरलं की रात्री तीनदा दारात जायची गरजही उरणार नाही.

पत्र मे महिन्यातलं आहे, म्हणजे वेळ फार नाही आणि अगदी गेलेलीही नाही. जूनमध्ये तयारी आणि पहिल्या आठवणीचं काम होऊ शकतं. मध्येच नदी चढायला लागली तर आठवणीचं काम थांबवायचं, फक्त शांत होण्याचा सराव चालू ठेवायचा, आणि पाणी उतरल्यावर पुढे जायचं. समोर खरं पाणी असताना जुनं पाणी उपसत बसू नये.

मॅडम स्वतः करणार आहेत की दुसऱ्या कुणाकडे पाठवणार, ते विचारा. करणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असावी, आणि तिने ईएमडीआरचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं. फी आणि बैठकीचा वेळ फोनवरच विचारा, त्यात संकोच कसला. मिरजेत जमलं नाही तर कोल्हापूर आहे. ऑनलाइनही होतं, पण घरात त्या वेळी एक जाणतं माणूस हवं आणि नेट गेलं तर काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. एका बैठकीत बरं करतो म्हणणारा टाळा. आणि जगणं नको असे विचार कधी आले, तर बैठकीची वाट न पाहता 14416 वर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

सासूबाई बोलत नाहीत म्हणजे त्या दोष देतात, हे तुम्हीच धरून चाललाय. त्यांना विचारायचं असेल तर त्रासाचा आकडा खाली आल्यावर विचारा, आत्ता नको.

पहिल्या दिवशी चालू गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा न्या. संध्याकाळी बारसं-हळदीकुंकू काही ठेवू नका. आणि परतताना स्कूटर तुम्ही चालवायची नाही, मिस्टरांना सोबत न्या. बाहेर बाकड्यावर बसू देत तासभर.