बेळगावच्या फाउंड्रीत संघटना काढायची असेल तर

तुमचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहात. हजेरीपटावर 140 कामगार आहेत आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला, ठेकेदाराची माणसे वेगळी आहेत. संघटनेची कुजबुज सुरू होताच मालकांनी 'माझ्या कारखान्यात युनियन चालणार नाही' असे बजावले आहे. कोल्हापूरचे तुमचे मेहुणे सांगतात की तीस टक्के सभासद केले की औद्योगिक न्यायालय मान्यता देते. आणि तुमच्यापैकी काहींना वाटते की संघटना काढायचीच तर मराठी कामगारांची वेगळी काढावी. मी वकील नाही. बेळगावच्याच एका फाउंड्रीत बावीस वर्षे मोल्डर, म्हणजे साचे करणारा, होतो आणि त्यातली अकरा वर्षे संघटनेचा चिटणीस होतो, एवढ्या अधिकारावर लिहितो आहे.

मालकांच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचाच धाक सर्वांत जास्त असतो आणि कायद्यात त्याला काहीही किंमत नाही. संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19(1)(ग) ने नागरिकांना दिलेला आहे. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, त्याला आधी कळवावेही लागत नाही, आणि नोंदणीचा अर्ज कारखान्याच्या कार्यालयात नव्हे तर राज्याच्या कामगार खात्यातील श्रमिक संघ (ट्रेड युनियन) निबंधकाकडे जातो. मात्र या हक्काची हद्दही समजून घ्यावी. बँक कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली स्पष्ट केले की संघटना काढणे हा मूलभूत हक्क असला, तरी त्या संघटनेचे म्हणणे मान्य झालेच पाहिजे किंवा तिला संप करता आलाच पाहिजे असा मूलभूत हक्क त्यातून निघत नाही. वाटाघाटी आणि संप यांचे हक्क साध्या कायद्यातून येतात, आणि साधा कायदा संसद बदलू शकते. तसा तो नुकताच बदललाही आहे.

पण आधी जुन्या कायद्याविषयी दोन शब्द. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील कामगारांची संघटना 1918 साली बी. पी. वाडिया यांनी उभारली; पुढे कंपनीने उच्च न्यायालयात दावा लावून संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. कामगारांना एकत्र आणणे म्हणजे मालकाचा करार मोडायला लावणे, असा तो युक्तिवाद होता. या धक्क्यानंतर आपले कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी 1921 साली मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव मांडला आणि त्यातून 1926 चा श्रमिक संघ कायदा आला. नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर केवळ संघटनेच्या कायदेशीर कामासाठी एकत्र आल्याबद्दल फौजदारी कटाचा खटला किंवा करारभंगाचा दिवाणी दावा चालत नाही, हे संरक्षण तेव्हापासूनचे आहे आणि नव्या कायद्यातही कायम आहे. म्हणूनच मी नोंदणीचा आग्रह धरतो. नोंदणीशिवाय संघटना बेकायदेशीर ठरत नाही, पण ती उघड्यावर उभी असते.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशभर औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. तिने 1926 चा श्रमिक संघ कायदा, 1946 चा स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचा) कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा या तिन्हींची जागा घेतली. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात आणि अर्जाच्या दिवशी कारखान्यातील दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे कामगार सभासद असावे लागतात. तुमच्या बाबतीत हा आकडा 14 येतो. अर्जासोबत संघटनेची घटना, म्हणजे नियमावली, द्यावी लागते. तिच्यात नाव, उद्देश, वर्गणी, निधी कशावर खर्च होईल, कार्यकारिणीची निवड, हिशेब तपासणी, घटनादुरुस्ती आणि विसर्जन यांविषयीचे नियम असावे लागतात. अर्जाचा नमुना राज्याच्या नियमांनुसार असतो, त्यामुळे कुणाच्या कपाटातली जुनी झेरॉक्स न वापरता कामगार खात्याच्या कार्यालयातून चालू नमुना घ्यावा.

आता मेहुण्यांचा सल्ला. ते खोटे बोलत नाहीत, पण ते महाराष्ट्राचा कायदा सांगत आहेत. तीस टक्के सभासद आणि औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता ही तरतूद महाराष्ट्राच्या 1971 च्या मान्यता व अनुचित प्रथा कायद्यातील आहे. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यानंतर महाराष्ट्र विधानसभेने केलेला एकही कायदा इकडे लागू होत नाही. आपण वर्तमानपत्र मराठी वाचतो, पाहुणे कोल्हापूर-इचलकरंजीचे, त्यामुळे कायदाही तिकडचाच आपला वाटतो. ही चूक मी स्वतः केली आहे; आमच्या पहिल्या मागणीपत्रात मी त्या कायद्याचे कलम मोठ्या ऐटीत घातले होते आणि व्यवस्थापनाच्या वकिलांनी ते सर्वांसमोर वाचून दाखवले. कायदा कामाच्या जागेवरून ठरतो, घराच्या पत्त्यावरून नाही. बेळगावात राहून रोज शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात काम करतो. त्याचा निबंधक वेगळा. चंदगडहून उद्यमबागेत येणाऱ्याचा निबंधक मात्र कर्नाटकचा.

कर्नाटकात पूर्वी संघटनेला मान्यता देण्याची सक्ती करणारा असा कायदाच नव्हता. मालक बोलला तर बोलला. नव्या संहितेने वाटाघाटी करणाऱ्या संघटनेची तरतूद केली आहे आणि तुमच्या दृष्टीने संहितेतला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. कारखान्यात एकच नोंदणीकृत संघटना असेल तर सरकारने ठरवलेल्या निकषांनुसार तिला मान्यता द्यावी लागते. एकाहून अधिक असतील तर हजेरीपटावरील 51 टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा जिला असेल ती एकटी बोलणी करते. एकीलाही 51 टक्के मिळाले नाहीत तर वाटाघाटी परिषद बनते आणि किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांना तिच्यात प्रतिनिधित्व मिळते. ही मान्यता तीन वर्षांची असते आणि उभयपक्षी ठरल्यास एकूण पाच वर्षांपर्यंत चालते.

हे आकडे तुमच्या 140 माणसांवर बसवून पाहा. 51 टक्के म्हणजे 72 माणसे. समजा, मराठी कामगारांची संघटना निघाली आणि तिला 65 सभासद मिळाले. मग कन्नड कामगार गप्प बसणार नाहीत, त्यांचीही निघेल आणि तिला 50 मिळतील. दोन्ही संघटना कायदेशीर, दोन्हींची नोंदणी होईल, आणि 72 चा आकडा मात्र एकीकडेही नाही. पगारवाढीच्या टेबलावर एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांकडे संशयाने पाहणारे दोन गट बसतील. तीच 115 माणसे एका पावती पुस्तकात आली तर प्रश्नच मिटतो. सीमाप्रश्नावर माझी मते तुमच्या सहकाऱ्यांपेक्षा वेगळी असतील असे नाही. 1 नोव्हेंबरच्या फेरीत मी तरुणपणापासून चालत आलो आहे. पण भट्टीतून लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे भांडे, घेऊन निघालेल्या दोन माणसांपैकी पुढचा 'सरक' म्हणाला काय आणि मागचा 'सरि' म्हणाला काय, रस चौदाशे अंशांच्या पुढचाच असतो. आमच्याकडे घटना आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हीत छापली, फलक दोन भाषांत रंगवला, आणि अध्यक्ष मराठी असेल तर खजिनदार कन्नड, असा अलिखित नियम ठेवला. व्यवस्थापनाने फूट पाडण्याचा प्रयत्न दोनदा केला. एकदा दिवाळीच्या तोंडावर फक्त एका गटाच्या माणसांना ओव्हरटाइम देण्यात आला. खजिनदारांनी तो ओव्हरटाइम करणाऱ्यांकडूनच त्या महिन्याची जास्तीची वर्गणी घेतली आणि विषय हसण्यावारी गेला.

नोकरीवरून काढतील का, हा तुमच्या प्रश्नातला न लिहिलेला भाग आहे. खरे उत्तर असे की काही मालक प्रयत्न करतात. संघटनेत जाल तर काढून टाकीन अशी धमकी देणे, संघटना बांधली जात असताना ती मोडण्यासाठी निवडक पगारवाढ देणे, मालकाच्या खिशातली संघटना उभी करणे, सूडबुद्धीने काढणे, या सर्व गोष्टी संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित श्रम प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत आणि त्यांना दंडाची शिक्षा आहे. त्याशिवाय 'संरक्षित कामगार' ही तरतूद आहे: एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच आणि कमाल शंभर पदाधिकारी संरक्षित ठरतात, आणि एखादा विवाद अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे प्रलंबित असेल तर त्यांना लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही. तुमच्याकडे अशी पाच माणसे होतील. प्रलंबित हा शब्द लक्षात ठेवा. विवादच दाखल नसेल तर हे कवच अंगावर नसते.

आमचे नुकसान झाले ते याच्याही आधी, नोंदणीपूर्वीच्या तीन आठवड्यांत. सह्यांचा कागद आम्ही कारखान्याच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला. दुकानदाराचा काही दोष नव्हता. पहिली प्रत काळी आली म्हणून त्याने ती टोपलीत टाकली आणि आमच्यापैकी कुणालाही ती उचलायचे सुचले नाही. दोन दिवसांनी त्यावरच्या पहिल्या तीन नावांपैकी दोघांना मोल्डिंगवरून वाळूच्या मिक्सरवर पाठवले आणि तिसऱ्याला 'काम असमाधानकारक' म्हणून घरी बसवले. सात वर्षे तो उत्तम काम करत होता. प्रकरण कामगार न्यायालयात गेले तेव्हा तो संघटनेत होता हे सिद्ध करायला आमच्याकडे एकही दिनांकित पावती नव्हती, ठरावाची वही नव्हती, होती ती फक्त आमची तोंडे. शेवटी काही वर्षांच्या तारखांनंतर तडजोडीने त्याला रक्कम मिळाली, नोकरी मिळाली नाही. म्हणून पहिल्या बैठकीपासून ठरावाची वही ठेवा, पाने आधीच क्रमांक घालून घ्या, हजर असलेल्यांच्या सह्या त्याच वहीत घ्या, आणि वर्गणी पाच रुपये असली तरी तारीख घातलेली पावती फाडा. बैठक कारखान्याच्या आवारात आणि कामाच्या वेळेत घेऊ नका. आम्ही दुसऱ्या शिफ्टनंतर मजगावच्या एका देवळात जमत असू. आणि झेरॉक्स दुसऱ्या गावात काढा.

संपाविषयी मी थोडेच लिहितो, कारण पहिल्या वर्षी त्याचा विचारही करू नये असे माझे मत आहे. पूर्वी अगोदर नोटीस देण्याचे बंधन लोकोपयोगी सेवांपुरते होते; आता ते प्रत्येक कारखान्याला आहे. नोटीस दिल्यापासून 14 दिवसांच्या आत संप करता येत नाही, ती नोटीस साठ दिवसांपुरतीच चालते, आणि समेटाची, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढे तडजोडीची, कार्यवाही चालू असताना व ती संपल्यावर सात दिवस संप बेकायदेशीर ठरतो. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकण्याची जुनी युक्तीही आता चालत नाही: निम्म्या किंवा अधिक कामगारांची सामूहिक किरकोळ रजा हा संपच धरला जातो. बेकायदेशीर संपाबद्दल कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

ठेकेदाराच्या माणसांना सभासद करता येते आणि करावेच. ते कायद्याच्या अर्थाने कामगारच आहेत, मात्र ते ठेकेदाराच्या हजेरीपटावर असल्याने 72 च्या हिशेबात त्यांच्यावर विसंबू नका. सुपरवायझरचे काम करणारा आणि महिना अठरा हजारांहून अधिक पगार घेणारा माणूस औद्योगिक विवादांच्या बाबतीत 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. त्याच्याकडून सहानुभूती घ्या, सही घेऊ नका. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी 1980 च्या सुमारास संघटना बांधली तेव्हा त्यांच्याकडे ना धड हजेरीपट होता ना नेमणुकीचे पत्र, तरी ती उभी राहिली; तुमच्याकडे निदान 140 नावांचा हजेरीपट आहे आणि बहुतेकांच्या खिशात ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड आहे.

मेहुण्यांना अध्यक्ष करावे असा जो विचार प्रश्नाच्या शेवटी दिसतो, त्याला कायद्याची आडकाठी नाही. बाहेरची माणसे पदाधिकारी होऊ शकतात. फक्त एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी कमी तेवढीच, आणि बाकीचे प्रत्यक्ष तिथे काम करणारेच लागतात. नऊ जणांच्या कार्यकारिणीत तीन बाहेरचे बसतात. पण समेट अधिकाऱ्यापुढे तारीख सकाळी अकराची असते आणि कोल्हापूरहून निघालेली एसटी निपाणी, संकेश्वर करत पोहोचेपर्यंत पुकारा होऊन गेलेला असतो. त्यांना सल्लागार ठेवा, आणि अध्यक्ष असा निवडा जो पहिल्या शिफ्टला तुमच्याच रांगेत कार्ड पंच करतो.