टॉप-अप कर्जावर हायड्रोजनचे शेअर्स?

प्रश्न : वय ४३, सांगलीत खासगी नोकरी, पत्नी गृहिणी, दोन मुलं. गृहकर्जाचे २८ लाख बाकी (८.५ टक्के). बँकेने ९ टक्क्यांनी ६ लाखांचं टॉप-अप मंजूर केलंय, अजून उचललेलं नाही. त्यातून हायड्रोजन फ्युएल सेलवाल्या (हायड्रोजनपासून वीज बनवणारी यंत्रं करणाऱ्या) अमेरिकी कंपन्यांचे शेअर्स घेऊ का? विम्याची चिंता नाही. वर्षाला १ लाख हप्त्याची पॉलिसी बँकेतूनच घेतली, ४ हप्ते झाले. कव्हर १० लाख, १५ वर्षांनी हमखास २२ लाख. बीपीची गोळी तेवढी चालू आहे.

उत्तर : टॉप-अप उचलू नका. परदेशी शेअर्ससाठी बाहेर पैसे पाठवायला बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियमही आहे.

हायड्रोजनचं आधी उरकतो. पाण्यापासून १ किलो हायड्रोजन काढायला ५०-५५ युनिट वीज जाते. फ्युएल सेलमधून परत येतात जेमतेम १६-१७. तीच वीज बॅटरीत भरली तर चाळीसच्या वर मिळते. टोयोटाची हायड्रोजनवर चालणारी मोटार मिराई २०१४ पासून बाजारात आहे, तरी रस्त्यावर क्वचितच दिसते. शेलने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. खत, रिफायनरी, पोलाद यांना हायड्रोजन लागेल. आपल्या सरकारचं १९,७४४ कोटींचं मिशनही प्रामुख्याने त्यासाठीच आहे. पण खताच्या कारखान्याला फ्युएल सेल लागत नाही, आणि तुम्ही पैसे लावताय फ्युएल सेलवर. प्लग पॉवर या अमेरिकी फ्युएल सेल कंपनीचा शेअर जानेवारी २०२१ मध्ये ७० डॉलरच्या वर होता, मे २०२५ मध्ये एक डॉलरच्या खाली. तेव्हाच्या ६ लाखांचे १० हजारही उरले नसते.

आता न विचारलेलं. १५ लाख भरून २२ लाख, म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. पावणेपाच टक्के देणारी पॉलिसी चालू ठेवायची आणि नऊ टक्क्यांनी कर्ज काढायचं, हा सल्ला बँकेतल्या माणसाच्या टार्गेटसाठी उत्तम आहे. आणि ज्याला तुम्ही विमा म्हणताय तो? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर ते १० लाख सगळे बँकेत भरूनही पत्नीच्या डोक्यावर १८ लाख राहतात. घरखर्चाला, मुलांच्या फीला शून्य. चिंता नाही कशी?

साठीपर्यंतचा सव्वा कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे परतावा नसलेला निव्वळ विमा, घ्या. प्रीमियम तीसेक हजार धरा. ती पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी पेड-अप करा (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा) किंवा मोडा. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. ‘भरलेले पैसे बुडतील’ असं बँकेतून ऐकवलं जाईलच. थोडे बुडतीलही. अजून ११ लाख भरण्यापेक्षा ते परवडलं. वाचलेले सत्तरेक हजार दरवर्षी मूळ कर्जात टाका, तिथे साडेआठ टक्के सुटतात.

टर्मच्या फॉर्मवर बीपीची गोळी लिहा. प्रीमियम थोडा चढेल, चढू दे. एजंट म्हणाला ‘राहू द्या, कोण बघतंय’, तर एजंट बदला.