क्लायंटला ५०४, आपल्या लॉगमध्ये २००

ऐरोली: क्लायंट म्हणतो ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही) आला, आमच्या लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींच्या फाइलमध्ये) तीच रिक्वेस्ट २०० (यशस्वी) दिसतेय. खरं कोणाचं?

दोघांचंही. ॲपच्या पुढे इंजिनएक्स (रिक्वेस्ट घेऊन ॲपकडे पोचवणारा सर्व्हर) असेल तर तो ॲपच्या उत्तराची डिफॉल्ट ६० सेकंद वाट बघतो, तुमच्या ॲपला ७० लागले तर तो क्लायंटला ५०४ देऊन मोकळा होतो आणि ॲप मागे काम पूर्ण करून २०० लिहितं, पण ते उत्तर घ्यायला कोणी उरलेलंच नसतं. मी महापेला असताना यातच दोन रात्री गेल्यात, कारण आम्ही नुसता ॲपचा लॉग बघत बसलो होतो. इंजिनएक्सच्या लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम (एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या ॲपने घेतलेला वेळ) दोन्ही टाका (डिफॉल्टमध्ये नसतात), आणि प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी द्या जो तिथपासून ॲपच्या प्रत्येक ओळीत छापला जाईल. तोच आयडी रिस्पॉन्स हेडरमध्ये परत पाठवा, मग फोनवर "अकराच्या सुमारास कायतरी झालं" असं न सांगता क्लायंट थेट आयडी सांगतो. आणि हो, पेमेंट किंवा ऑर्डरची एपीआय असेल तर ५०४ बघून क्लायंटने परत पाठवलंय का आणि दोन नोंदी पडल्यात का, हे सगळ्यात आधी तपासा!

वागळे इस्टेट: जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये, कंट्रोलरच्या आधी लागणाऱ्या फिल्टरमध्ये बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) लॉग केली आणि कंट्रोलरला ती रिकामी मिळायला लागली.

बॉडी म्हणजे स्ट्रीम, एकदाच वाचता येते, ती तुमच्या फिल्टरने वाचून संपवली. कंटेंटकॅशिंगरिक्वेस्टरॅपर (वाचलेली बॉडी साठवून ठेवणारा स्प्रिंगचा क्लास) वापरा, पण तो पुढे कोणी वाचल्यावरच भरतो म्हणून लॉगची ओळ डूफिल्टरच्या (रिक्वेस्ट पुढे पाठवणाऱ्या कॉलच्या) नंतर लिहा. रिस्पॉन्सचाही रॅपर लावलात तर शेवटी कॉपीबॉडीटूरिस्पॉन्स (साठवलेलं उत्तर पुढे पाठवणारी मेथड) हवंच, नाहीतर क्लायंटला रिकामं उत्तर जातं.

कळवा: लॉगमधली वेळ साडेपाच तास मागे दिसते.

सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. राहू द्या तसाच, फक्त वेळेसोबत ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) छापा.

घणसोली: मॅनेजर म्हणतात प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर) सगळं लॉग करा, ओटीपीसकट.

नाही म्हणून सांगा, आणि लेखी सांगा. ऑथरायझेशन हेडर (यात लॉगिनचं टोकन असतं), पासवर्ड, ओटीपी, आधार नंबर हे फाइलमध्ये पडायच्या आधीच ॲपमध्ये झाका. कार्डाचा सीव्हीव्ही तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाच्या नियमाने व्यवहार मंजूर झाल्यावर एन्क्रिप्ट करूनही ठेवता येत नाही. लॉग टीममधला कोणीही उघडतो, व्हेंडरला मेल होतो, आणि त्यात कोणाच्यातरी आईचा मोबाइल नंबर असतो हे विसरू नका. आत्तापर्यंत जे लिहिलं गेलंय ते बॅकअपमध्येही असेल, तिथून काढा आणि उघडी पडलेली टोकनं आजच बदला.