ठोकताळा की आडाखा?

प्रश्न असा आहे: मानसशास्त्रातल्या ‘ह्युरिस्टिक’ला, म्हणजे पूर्ण विचार किंवा आकडेमोड न करता चटकन उत्तर काढण्याच्या मनाच्या ढोबळ रीतीला, मराठीत आडाखा म्हणावे, अनुमान म्हणावे, की ठोकताळा?

मी ठोकताळ्याच्या बाजूचा. आडाखा त्या-त्या प्रसंगापुरता बांधला जातो आणि बरोबर येतो किंवा चुकतो. म्हणजे ते उत्तर झाले. ठोकताळा आधीपासून हाताशी असतो, पुन्हापुन्हा वापरता येतो. ती उत्तराकडे जाण्याची रीत. (ठोकताळेही ‘बांधतात’ हे खरे, पण एकदा बांधलेला ठोकताळा पुढेही कामाला येतो.) ह्युरिस्टिक ही रीतच आहे. ‘शोधणे’ या अर्थाच्या ज्या ग्रीक क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचेच एक रूप म्हणजे ‘युरेका’. अनुमान तर नकोच. न्यायशास्त्रातल्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातल्या, अनुमानाला हेतू (धुरासारखी खूण) लागतो, व्याप्ती (‘धूर तिथे आग’ असा कायमचा संबंध) लागते, आणि इथे नेमकी तीच पायरी गाळलेली असते.

एक उदाहरण घेऊ. नाणे सहा वेळा उडवले. छापा-काटा-काटा-छापा-काटा-छापा हा क्रम येण्याची संभाव्यता जास्त, की सहाही वेळा छापा येण्याची? (इथे ‘शक्यता’ चालेल, पण मला ‘संभाव्यता’ बरा वाटतो: शक्यता असते किंवा नसते, संभाव्यता मोजता येते.) पहिला क्रम जास्त संभाव्य वाटतो. प्रत्यक्षात दोन्हींची संभाव्यता ६४त १. मग मन फसते कुठे? तीन छापे आणि तीन काटे कोणत्याही क्रमाने येण्याची संभाव्यता ६४त २० आहे. मन विचारलेल्या एका क्रमाऐवजी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या घोळक्याचे उत्तर देऊन मोकळे होते. आकडेमोड झालेलीच नसते, साम्य पाहिलेले असते.

ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या लेखात असे तीन ठोकताळे मांडले. हा त्यांतला पहिला. त्याला ‘साम्याचा ठोकताळा’ म्हणता येईल. दुसरा, जे चटकन आठवते ते वारंवार घडत असणार असे धरण्याचा, तो ‘आठवणीचा ठोकताळा’. तिसऱ्यात पहिल्यांदा कानावर पडलेल्या आकड्याभोवतीच अंदाज घुटमळत राहतो. त्याला इंग्रजीतल्या जहाजाच्या ‘अँकर’वरून ‘नांगराचा’ म्हणतात, पण मराठी कानाला आधी शेतातला नांगर ऐकू येतो, म्हणून मी ‘पहिल्या आकड्याचा ठोकताळा’ म्हणेन.

आणि ‘बायस’साठी ठोकताळा वापरू नये. ठोकताळा पुष्कळदा बरोबरही येतो. तो ठरावीक दिशेने चुकतो तेव्हा त्या चुकीला ‘कल’ म्हणावे.