वाचकांचे प्रश्न : पूर्ण पुडी, पूर्ण लिटर

पावसाळा सुरू झाला की जुलाब-उलट्यांविषयीची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांतली अडचण एकच आहे. ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून पाजायची क्षार-ग्लुकोजची पावडर, घरात आणलं जातं, पण मापात दिलं जात नाही.

प्रश्न : नातू चौदा महिन्यांचा आहे. जुलाब लागले म्हणून सुनेने ओआरएसची मोठी पुडी आणली. एवढंसं मूल लिटरभर पाणी कुठे पिणार, म्हणून ती पेल्यात अंदाजाने चमचाभर पावडर टाकते आणि पुडीला रबर लावून ठेवते. हे चालतं का? – एक आजी, सातारा

उत्तर : नाही आजी, हे थांबवा. मोठी पुडी फोडली की ती सगळी एक लिटर पाण्यातच घालायची. बाळ त्यातलं पाव लिटर प्यायलं तरी चालेल. उरलेलं घरातल्या मोठ्यांनी प्यावं किंवा २४ तासांनी ओतून द्यावं. पुडीची किंमत बघून जीव तुटतो हे खरं, पण इथे काटकसर महागात पडते.

का, ते सांगते. एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. पेल्यात जास्त पावडर पडली की पाणी घट्ट होतं. मग आतडं ते शोषून घेण्याऐवजी उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. बाळाच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, चढलं तर ते चिडचिडं होतं, सुस्तावतं, झटकेही येऊ शकतात. पावडर कमी पडली तर नुसतं पाणी पोटात जातं, गेलेलं मीठ भरून येत नाही. शिवाय चारही घटक पुडीत सारखे मिसळलेले राहतीलच असं नाही. त्यामुळे चमचाभर पावडरीत मीठ किती आलं आणि ग्लुकोज किती, हे कुणालाच सांगता येत नाही. उघडी पुडी पावसाळी हवेत ओल धरते, ते वेगळंच.

माप तांब्याने घेऊ नका, प्रत्येक घरातला तांब्या वेगळा. बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन घ्या आणि तिनेच मोजा. पाणी आधी उकळून पूर्ण गार करायचं, मग पावडर घालायची. मिसळल्यावर पुन्हा उकळायचं नाही, कारण पाणी आटलं की मिश्रण घट्ट होतं. वरून साखर, सरबत, दूध काहीही घालू नका. लहान बाळासाठी २०० मिलिलिटरची छोटी पुडी मिळते, तीच आणा. फक्त तीही २०० मिलिलिटरमध्येच. घरातला स्टीलचा पेला बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, त्यापुढे जेवढं पिववेल तेवढं. बाटलीने नाही, वाटी-चमच्याने.

प्रश्न : मुलगी ओआरएस प्यायली की लगेच उलटी करते. मग देऊन उपयोग काय? – एक वाचक, परभणी

उत्तर : तहानेने मूल घटाघट पितं, ताणलेलं पोट ते बाहेर टाकतं, आणि आईला वाटतं हिला ओआरएस सोसत नाही. उलटी झाली की घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. मग दर दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. मूल पेल्याकडे हात करेल, रडेल, तरी पेला हातात देऊ नका. चमच्याने पाच मिनिटांत दहा मिलिलिटर गेलं तर तासात १२० होतं, म्हणजे कमी नाही. उलटीत थोडं बाहेर पडलं तरी बरंचसं आत राहतं. एवढं करूनही प्रत्येक घोट बाहेर येत असेल तर मात्र दवाखाना गाठा.

प्रश्न : आमच्या गावात जुलाब झाले की सरळ सलाईन लावून घेतात. पावडरच्या पाण्याने तेवढा गुण येतो का? – एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : रुग्ण पिऊ शकत असेल तर येतो. जुलाबात आतड्याचं अस्तर बिघडतं, पण त्यातली एक वाट बहुधा चालू राहते. ग्लुकोज आणि सोडियम तिथून जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जोडीतलं एक नसेल तर ती वाट कामाची नाही, म्हणून ओआरएसमध्ये साखर असते. ती ताकदीसाठी किंवा चवीसाठी नसते.

याचा कस १९७१ मध्ये लागला. बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. आधी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

नेहमीच्या नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, बाकी काही नाही. पोटॅशियमही नाही. बेशुद्धी, पिता न येणं, नाडी क्षीण लागणं, हातपाय गार पडणं, अशा वेळी शिरेतूनच द्रव द्यावं लागतं आणि तिथे एक मिनिटही दवडू नये. बाकीच्यांनी सुईपेक्षा पेला जवळ करावा.

प्रश्न : मेडिकलमध्ये फळाच्या चवीचं तयार पेय मिळतं. मुलं ते आवडीने पितात. आणि शहाळं? – एक आई, ठाणे

उत्तर : खोक्यावर १०० मिलिलिटरमागे साखर किती लिहिली आहे ते वाचा. ओआरएसमध्ये १.३५ ग्रॅम असते. कोलासारख्या पेयात ती साधारण १० ग्रॅमपर्यंत जाते आणि सोडियम नावापुरतं. तहान भागल्यासारखी वाटते, जुलाब मात्र वाढतात. पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरण्यावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ती यासाठीच. जुलाबासाठी घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहा.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. ओआरएसच्या जोडीला द्या, त्याच्याऐवजी नको. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : रात्री-अपरात्री पुडी नसेल तर? आणि पोटाला विश्रांती म्हणून जेवण बंद ठेवावं का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ५ मिलिलिटरचं माप घ्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा मापं साखर आणि सपाट अर्धं माप मीठ. सपाट म्हणजे वरचा ढीग सुरीने सारखा करून. देण्याआधी चाखून बघा, चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा. यात पोटॅशियम नाही, म्हणून सोबत केळं द्या. सकाळी पुडी आणाच.

जेवण बंद ठेवायचं नाही. उपाशी आतडं भरून यायला जास्त वेळ घेतं, आणि लहान मूल दोन-तीन दिवसांत वजन गमावतं. तुमच्याकडची पेज इथे उत्तम. तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून घोटायचे, ओघळेल इतकी पातळ ठेवायची, लिटरभर पेजेला वरच्याच मापाने सपाट अर्धं माप मीठ. मऊ खिचडी, दहीभात, केळं चालतं. आईचं दूध एक वेळही चुकवू नका.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. कालपासून जुलाब आहेत. साखर वाढेल म्हणून ते ओआरएस घेत नाहीत. – एक वाचक, पुणे

उत्तर : लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, आणि ते दिवसभरात थोडं थोडं पोटात जाणार. पाणी कमी पडल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. त्यांना ओआरएस द्या आणि ग्लुकोमीटरवर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

त्यांच्या गोळ्यांकडे आजच लक्ष द्या. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या, यांनी अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो किंवा रक्तात आम्ल साठू शकतं. डॉक्टरांना फोन करून औषधांची चिठ्ठी वाचून दाखवा. ते काही गोळ्या दोन दिवस थांबवायला सांगतील. स्वतःहून थांबवू नका, आणि इन्सुलिन तर मुळीच नाही.

लहान मुलात पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की ती सावकाश मागे जाते, त्यावरून पाणी घटल्याचं कळतं. वयस्कर माणसाची कातडी एरवीही सैल असते, तिथे ही खूण फसवते. त्यांना तहानही कमी लागते. म्हणून जीभ कोरडी आहे का, लघवी शेवटची कधी झाली आणि उठून उभं राहिल्यावर चक्कर येते का, हे बघा.

प्रश्न : जुलाब बंद करायची गोळी मुलाला द्यावी का? – एक वडील, नागपूर

उत्तर : लोपेरामाईड, म्हणजे जुलाब थांबवायचं औषध, मुलांना नको. त्याने आतड्याची हालचाल मंदावते, जंतू आतच राहतात. दुकानदार देतो ती अँटिबायोटिकची जोडगोळीही नको, कारण लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. द्यायचं ते झिंक. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. गोळी चमच्यात पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायची. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि पालक झिंकही थांबवतात, तसं करू नका. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात ओआरएस व झिंक मोफत मिळतं.

शौचात रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त किंवा पिईना, भाताच्या पेजेसारखे पांढरट पाण्याचे जुलाब एकामागून एक, यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पहिल्याच दिवशी दाखवा. रस्त्यातही चमच्याने ओआरएस चालू ठेवा.